नावाजलेली कॉन्झर्व्हेटरी की शिष्यवृत्ती देणारं विद्यापीठ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एका कुटुंबातली मुलगी बारावीत आहे. ती व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) वाजवते आणि तिला पुढे ऑर्केस्ट्रातच वाजवायचं आहे. ईस्ट कोस्टवरच्या एका नामांकित कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीतच शिकवणाऱ्या संस्थेत, तिला प्रवेश मिळाला आहे. राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च ७५,००० डॉलर, त्यातून १७,००० ची शिष्यवृत्ती वजा जाता ५८,००० भरायचे. दुसरीकडे स्वतःच्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठाच्या संगीत विभागाने भरघोस शिष्यवृत्ती देऊ केली आहे. तिथे सगळं मिळून वर्षाला ११,००० पडतात. घरातून वर्षाला २५,००० निघू शकतात. आईवडील विचारतात, नावासाठी कर्ज काढावं का, आणि नाही काढलं तर मुलीचं नुकसान होईल का?

मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवतोय, कॉलेजात शिकवतोय, प्रवेशाच्या ऑडिशनला परीक्षक म्हणूनही बसतो. आकडे हेच राहणार असतील तर मी विद्यापीठ निवडेन. अट एकच: तिथला व्हायोलाचा शिक्षक तिला खरोखर पुढे नेणारा हवा. तो तसा आहे की नाही हे कसं ओळखायचं आणि या निवडीत पैशाचं वजन मी इतकं का धरतो, ते आता सविस्तर सांगतो.

आधी नावाबद्दल. ऑर्केस्ट्राच्या नोकरीसाठी ऑडिशन होते तेव्हा निदान पहिल्या फेरीत तरी वाजवणारा पडद्याआड असतो. बॉस्टन सिम्फनीने १९५२ साली ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रुजली. काही ठिकाणी तर बुटांचा आवाज येऊन बाई की पुरुष हे कळू नये म्हणून गालिचा अंथरतात. पडद्यापलीकडच्या परीक्षकांना ऐकू येतो फक्त सूर, लय आणि आवाजाचा पोत. तुमची मुलगी कुठे शिकली हे त्यांना ठाऊक नसतं, आणि आठ मिनिटांत तिला "थँक यू" म्हणताना ते कळून उपयोगही नसतो. इंजिनिअरिंग किंवा एमबीएच्या जगात कॉलेजचं नाव बघून मुलाखतीचं बोलावणं येतं, आणि आपल्या मंडळींच्या डोक्यात तेच गणित पक्कं बसलेलं असतं. इथे ते जसंच्या तसं लागू होत नाही.

म्हणून नावाला काहीच किंमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रा ऑडिशनला बोलावण्याआधी बायोडेटा चाळतात, तिथे ओळखीचं नाव दिसलं तर दार लवकर उघडतं. खाजगी शिकवण्या घेताना पालक ते नाव बघून जास्त फी देतात, हेही खरं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सोबत शिकणारी मुलं. वीस वर्षांनी कुणी चेंबर ग्रुप (मोजक्या वादकांचा छोटा गट) काढतं, कुणी फेस्टिव्हल चालवतं, कुणाला आयत्या वेळी व्हायोला वाजवणारं माणूस हवं असतं, तेव्हा फोन जुन्या वर्गमित्रालाच जातो. नामांकित ठिकाणी असे वर्गमित्र एका जागी जास्त भेटतात. नावाचे पैसे मोजायचे तर ते या तीन गोष्टींचे मोजायचे, आणि तिन्ही मिळून १,८८,००० डॉलरच्या आहेत का असा प्रश्न विचारायचा. दोन्हीकडचा वार्षिक फरक ४७,००० आहे, त्याची चार वर्षांची बेरीज तेवढी होते.

खरी प्रतिष्ठा संस्थेपेक्षा शिक्षकाची असते. संगीताच्या क्षेत्रात कुणी "कुठे शिकलास?" असं विचारलं तर त्याला बहुधा "कुणाकडे शिकलास?" हेच विचारायचं असतं. ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात व्हायोलिनला जोसेफ गिंगोल्ड आणि चेलोला यानोश श्टार्कर अशी माणसं दशकानुदशकं शिकवत होती. आजचा प्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल गिंगोल्डकडे तिथेच शिकला. ते सरकारी विद्यापीठ आहे, आजूबाजूला मक्याची शेतं आहेत, आणि जगभरातली मुलं तरीही तिथे जात राहिली. उलट बाजूही सांगतो. नामांकित इमारतीत दोन-तीन व्हायोला शिक्षक असतात, त्यांतला ज्याच्यामुळे त्या विभागाचं नाव झालं त्याच्याकडेच तुमच्या मुलीला जागा मिळेल याची खात्री नसते. प्रवेशपत्रावर शिक्षकाचं नाव लेखी आलंय का ते आधी बघा. आलं नसेल तर विचारा. "नंतर ठरवू" असं उत्तर आलं तर ५८,००० नेमके कशासाठी भरायचे हेच अजून ठरलेलं नाही, असं समजा.

आता शिक्षक पारखायचा कसा? ट्रायल लेसन घ्या, म्हणजे प्रवेश स्वीकारण्याआधी त्या शिक्षकाबरोबर तासभर प्रत्यक्ष शिकून बघायचं. बहुतेक शिक्षक त्याला तयार असतात. काही फुकट देतात, काही फी घेतात. ही फी वाचवू नका. दोन्ही ठिकाणी घ्या. शक्य असेल तर पालकांनी कोपऱ्यात बसून ऐकावं, पण तोंड बंद ठेवून.

ऐकायचं काय ते सांगतो. मुलगी दोन-तीन मिनिटं वाजवेल. वाईट शिक्षक लगेच सात गोष्टी सांगतो: सूर बघ, खांदा सोड, इथे हळू, तिथे जोरात, आणि मग स्वतःच वाजवून दाखवत बसतो. चांगला शिक्षक एकच गोष्ट उचलतो. समजा बो (तारांवर फिरवायचा गज) टोकाकडे गेला की आवाज पातळ होतो. मग तो विचारेल, "टोकाला गेल्यावर तुझ्या अंगठ्यात काय होतं?" मुलीला बहुधा माहीत नसतं. तो तिला एकाच मोकळ्या तारेवर बो खेचायला लावेल, अंगठ्याचा कडकपणा तिचा तिलाच जाणवू देईल, दंडाचं वजन तर्जनीतून तारेत कसं उतरवायचं ते हात धरून दाखवेल. दहा मिनिटांनी तीच ओळ पुन्हा वाजवून घेईल. त्या वेळी आवाज बदललेला असेल, आणि मुख्य म्हणजे तो का बदलला हे मुलीला गाडीत बसल्यावर स्वतःच्या शब्दांत सांगता येत असेल, तर हा शिक्षक तिच्या कामाचा. नुसतं "किती छान माणूस आहे!" एवढंच ती म्हणाली तर अजून शोधा. अर्थात, घाबरवणारा शिक्षक म्हणजे मोठा शिक्षक, हा समजही आता सोडून द्यायला हवा. रडवून शिकवलेल्या विद्यार्थ्यांचे हात ऑडिशनच्या दिवशी थरथरताना मी पाहिलेत.

शिक्षकाला भेटून झालं की त्याच्या विद्यार्थ्यांना गाठा, शिक्षक समोर नसताना. गेल्या सत्रात किती लेसन रद्द झाले? ते भरून निघाले का? शिक्षक दौऱ्यावर असतो तेव्हा कोण शिकवतं? पुढल्या दोन-तीन वर्षांत तो निवृत्त होणार आहे का, सब्बॅटिकलवर (अभ्यासासाठीच्या लांब रजेवर) जाणार आहे का, की मुळात तासांवर नेमलेला असून दुसरीकडे जायच्या बेतात आहे? गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेले सगळे विद्यार्थी आज काय करताहेत? इथे "सगळे" या शब्दावर अडून बसा. वेबसाइटवर यशस्वी तिघांचे फोटो प्रत्येक जण लावतो. बाकीच्या बारा जणांचं काय झालं ते विद्यार्थ्यांना माहीत असतं आणि ते मोकळेपणाने सांगतात.

स्वस्त पर्यायातला खरा धोका कुठे आहे तेही सांगून टाकतो, कारण "शिष्यवृत्ती मिळाली, जा" एवढं सांगून मोकळं होणारे सल्लागार खूप आहेत. धोका असा, की तिथे तुमची मुलगी पहिल्या दिवसापासून सर्वांत चांगली असेल. पहिल्या वर्षी ते छान वाटतं. दुसऱ्या वर्षी तिच्या कानाला आजूबाजूच्या सुराची सवय होते आणि तिसऱ्या वर्षी तिचा स्वतःचा सूर तिथेच स्थिरावतो. म्हणून विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्राच्या तालमीला जाऊन बसा, कार्यक्रमाला नव्हे. कार्यक्रमात सगळे सावरून घेतात. तालमीत कंडक्टर व्हायोलाच्या रांगेला एकटं वाजवायला लावतो तेव्हा मागच्या दोन स्टँडवर, म्हणजे रांगेत सर्वांत मागे बसलेल्यांचं, काय चाललंय ते ऐकू येतं. निदान तीन-चार जण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा बरे वाटले तर निर्धास्त राहा. चेंबर म्युझिकला दर आठवड्याला कोचिंग मिळतं का, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही मिळतं का, तेही विचारा.

याची दुसरी बाजू मोठ्या नावाच्या ठिकाणी दिसते. जिथे मास्टर्स आणि डॉक्टरेटचे विद्यार्थी भरपूर असतात तिथे पुढच्या खुर्च्या, ऑपेराचे प्रयोग, चांगले चेंबर ग्रुप आधी त्यांच्याकडे जातात. इंडियाना विद्यापीठाच्या जेकब्स स्कूल या संगीत विभागात सुमारे १,६०० विद्यार्थी आहेत. तिथे एकाहून जास्त ऑर्केस्ट्रा असतात आणि आपण कुठल्या ऑर्केस्ट्रात, कितव्या खुर्चीवर बसणार यावर चार वर्षांचा अनुभव ठरतो. संस्था मोठी असली म्हणजे त्यातलं मोठेपण नवीन आलेल्या मुलीच्या वाट्याला येईलच असं नाही.

आता पैसे. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पत्रावरचा ५८,००० चा आकडा फसवा आहे. शिष्यवृत्ती बहुधा डॉलरमध्ये ठरलेली असते, चारही वर्षं १७,००० च. फी आणि राहण्याचा खर्च मात्र दरवर्षी चढतो. वाढ वर्षाला ४ टक्के धरली तर ७५,००० चे चौथ्या वर्षी ८४,००० च्या वर जातात आणि तुमचं बिल ५८ हजारांऐवजी ६७ हजारांवर पोचतं. चार वर्षांत मिळून साडेअठरा हजार जास्तीचे. शिष्यवृत्ती फीच्या टक्केवारीत वाढते का, हे कॉलेजला लेखी विचारा.

वाढ बाजूला ठेवली तरी ५८ मधून तुमचे २५ वजा जाता दरवर्षी ३३,००० कमी पडतात. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर मिळणारं केंद्र सरकारचं कर्ज पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दोन वर्षं ७,५००, एकूण २७,०००. उरलेलं पालकांच्या नावावरच्या पॅरेंट प्लस कर्जातून भरायचं, असं पूर्वी सर्रास चालायचं. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांसाठी त्याला मर्यादा आली आहे: एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. आता वर्षावार मांडून बघा. पहिल्या तीन वर्षांत तुम्ही २०-२० हजार घेतले की चौथ्या वर्षासाठी फक्त ५,००० उरतात. त्या वर्षी मुलीचे ७,५०० आणि तुमचे ५,००० धरून ३३ हजारांपैकी २०,५०० अजून उभे करायचे असतात, तेही खाजगी बँकेकडून, तुमच्या सहीवर आणि बँक म्हणेल त्या व्याजाने. तीन वर्षं पूर्ण झालेली मुलगी तेव्हा मागे फिरू शकत नाही, आणि हे बँकेलाही ठाऊक असतं.

एकूण कर्ज १,३२,०००. फीवाढ धरली तर दीड लाखाच्या घरात. १,३२,००० वर सरासरी ८ टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर शिक्षण चालू असताना साठणारं व्याज न मोजताही महिन्याचा हप्ता सुमारे १,६०० डॉलर येतो. त्याऐवजी मुलीच्या नावावरचे फक्त २७,००० असते, तर साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याजाने हप्ता तीनशेच्या थोडा वर राहिला असता.

हा हप्ता कधी भरायचा असतो ते बघा. तिचं वय बावीस ते बत्तीस. व्हायोला वाजवणाऱ्याचं आयुष्य घडतं ते नेमकं याच वर्षांत. पदवी घेतल्या घेतल्या कुणी मोठ्या ऑर्केस्ट्रात जात नाही, अगदी क्वचित एखादा जातो. मोठ्या ऑर्केस्ट्रात मिळून शंभरेक वादक, त्यांत व्हायोला दहा-बारा, आणि एकदा नोकरी मिळाली की माणसं तीस-तीस वर्षं हलत नाहीत. जागा निघाली की एका खुर्चीसाठी शंभराहून जास्त उमेदवार येणं अगदी नेहमीचं. तोवर बहुतेक जण छोट्या गावांच्या ऑर्केस्ट्रात 'पर सर्व्हिस' वाजवतात, म्हणजे प्रत्येक तालमीचे आणि प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळे पैसे. दोन-तीन अशा ऑर्केस्ट्रा, जोडीला शिकवण्या, लग्नसमारंभ, आणि मधल्या वेळात ऑडिशन. ऑडिशनला विमान आणि हॉटेल स्वतःच्या खिशातून. पाच-सात ऑडिशन हरल्यावर माणूस आठवी जिंकतो, किंवा अठरावी.

ज्याच्यावर हप्ता नाही तो या ऑडिशन देत राहतो. ज्याच्यावर दरमहा १,६०० चा बोजा आहे तो पहिल्या दोन वर्षांतच पूर्णवेळ दुसरी नोकरी धरतो, रोजचा चार तासांचा रियाज दीड तासावर येतो, आणि ऑडिशनची तारीख कॅलेंडरवरून हळूच गळून जाते. माझ्या पाहण्यात हातात सर्व काही असलेली मुलं याच कारणाने बाहेर पडली. म्हणून कर्ज नसणं हीदेखील मी वादकाची जमेची बाजू धरतो, चांगल्या हातांइतकीच.

विद्यापीठाच्या पर्यायात तुमचं एक पैचंही कर्ज होत नाही, उलट ठरवलेल्या २५,००० तून दरवर्षी १४,००० उरतात. चार वर्षांचे ५६,०००. हे पैसे तिच्याच संगीतावर खर्चायचे, असं आजच ठरवून टाका. पहिला खर्च वाद्याचा. शाळेत वाजवलेली व्हायोला पुढे पुरत नाही, आणि चांगला बो हा वेगळाच खर्च आहे. लोक वाद्यावर सगळे पैसे संपवतात आणि मग हातात येतो भिकार बो. दुसरा खर्च उन्हाळ्याचा. तुम्हाला नावाजलेल्या ठिकाणची माणसं आणि कानावर पडणारा तो दर्जा हवा आहे ना? तो उन्हाळी फेस्टिव्हलमध्ये आठ आठवड्यांत मिळतो, आणि तिथे सगळ्या मोठ्या कॉन्झर्व्हेटरींची मुलं एकाच रांगेत बसलेली असतात. अ‍ॅस्पेनसारख्या ठिकाणी फी असते, काहींना शिष्यवृत्ती मिळते. टँगलवूड म्युझिक सेंटरच्या फेलोंना, म्हणजे तिथे निवडलेल्या तरुण वादकांना, शिकण्याचे पैसे पडत नाहीत, सांता बार्बाराजवळच्या म्युझिक अकॅडमी ऑफ द वेस्टमध्येही नाहीत. पण तिथे शिरणं अतिशय कठीण. पहिल्या उन्हाळ्यात साध्या ठिकाणी जा, तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात तिथे धडक मारा. आणि तिसरा खर्च मास्टर्सचा.

मास्टर्सबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण नाव कुठे लावायचं याचं माझं उत्तर तिथे आहे. ऑर्केस्ट्राकडे वळणारे बहुतेक जण आज मास्टर्स करतात. बायोडेट्यावर शेवटची संस्था सगळ्यात आधी वाचली जाते, अंडरग्रॅज्युएट कुठे केलं ते त्याखाली. मग नावासाठीचा जोर शेवटच्या पदवीवर लावावा हे सरळ आहे. येल स्कूल ऑफ म्युझिक फक्त पदव्युत्तर शिक्षण देतं आणि २००५ साली मिळालेल्या १० कोटी डॉलरच्या देणगीमुळे तिथे कुणालाच ट्युशन पडत नाही. कितीतरी सरकारी विद्यापीठं मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून कामाला नेमतात, फी माफ आणि वर थोडा पगार. अंडरग्रॅज्युएटला फुकटचे पर्याय त्यामानाने मोजके. फिलाडेल्फियाच्या कर्टिस या कॉन्झर्व्हेटरीत १९२८ पासून कुणाकडूनच ट्युशन घेत नाहीत, लॉस एंजेलिसच्या कोलबर्न कॉन्झर्व्हेटरीतही तसंच. दोन्ही इतक्या छोट्या, की एखाद्या वर्षी व्हायोलाची एखादीच जागा निघते. याउलट मास्टर्ससाठी कर्ज काढू म्हणाल तर तो रस्ताही अरुंद झाला आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं सरकारी कर्ज मिळत नाही, आणि संगीतासारख्या मास्टर्सला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० च्या वर नाही. पदवीवरच दीड लाख उडवलेल्या मुलीला मास्टर्सची ऑफर चांगली आली तरी हात आखडता घ्यावा लागतो.

इतर राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांचा विचार अजून केला नसेल आणि पुढल्या वर्षी धाकट्यासाठी हीच वेळ येणार असेल, तर एक सवलत माहीत असू द्या. टेक्सासमध्ये तिथल्या सरकारी विद्यापीठाने स्पर्धेतून निदान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली, तर परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यालाही राज्यातल्या रहिवाशाच्या दराने फी लावता येते. अशा सवलतींची संख्या मर्यादित असते, पण संगीत विभाग त्या वापरतात. डेंटनचं नॉर्थ टेक्सास विद्यापीठ, जिथे १९४७ मध्ये देशात पहिल्यांदा जॅझमध्ये पदवी देणं सुरू झालं, या रस्त्याने अनेकांना परवडून जातं. पत्रावर हजार डॉलर बघून "एवढेच?" म्हणून ते फेकू नका.

तुमच्या मुलीचं ध्येय ऑर्केस्ट्रा आहे म्हणून मी हे इतकं लांबवलं. ध्येय शाळेत संगीत शिकवण्याचं असतं तर उत्तर दोन ओळींत संपलं असतं. शाळांना हवा असतो त्या राज्याचा परवाना आणि तिथल्या शाळांमध्ये केलेलं प्रात्यक्षिक. राज्यातलं विद्यापीठ हे दोन्ही देतं, त्या भागातले निम्मे संगीत शिक्षक तिथलेच माजी विद्यार्थी असतात, आणि मोठ्या नावासाठी कर्ज काढणं म्हणजे निव्वळ पैसे वाया. म्युझिक थेरपीचंही तसंच. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, १,२०० तासांचं क्लिनिकल काम आणि बोर्डाची परीक्षा. तिथे कॉलेजचं ग्लॅमर कुणी विचारत नाही.

आणि मुलीचा विचार बदलला तर? अठराव्या वर्षी ठरवलेलं एकविसाव्या वर्षी टिकतंच असं नाही, शिवाय मनगट दुखावलं म्हणून वाजवणं थांबवावं लागलेली मुलं प्रत्येक बॅचमध्ये एखाददुसरी असतात. बॅचलर ऑफ म्युझिक या पदवीत साधारण दोन तृतीयांश अभ्यास संगीताचाच असतो. बी.ए.मध्ये तो निम्म्याहून कमी. कॉन्झर्व्हेटरीत असताना संगीत सोडायचं ठरलं तर कॉलेजच बदलावं लागतं आणि बरीचशी क्रेडिट्स पुढे चालत नाहीत. विद्यापीठात असली तर ती विभाग बदलते, खोली तीच, मित्रमैत्रिणी त्याच. ऑबर्लिन आणि बार्ड इथे पाच वर्षांत संगीत आणि दुसरा विषय अशा दोन पदव्या घेता येतात, पण पाचव्या वर्षाचे पैसेही धरायला हवेत.

मी कुठल्या परिस्थितीत कॉन्झर्व्हेटरी म्हणेन? तिथला ठरलेला शिक्षक लेखी मिळाला, ट्रायल लेसनमध्ये विद्यापीठातल्या शिक्षकापेक्षा तो उघडच सरस निघाला, आणि कर्जाची एकूण रक्कम मुलीच्या नावावरच्या २७,००० च्या आत बसली तर. म्हणजे बिल वर्षाला साधारण ३१-३२ हजारांवर यायला हवं. आज ते ५८ आहे. एवढी दरी भरून निघणं कठीण आहे, पण काही भरते, आणि त्यासाठी तुमच्याकडे एक हुकमी पान आहे: ती व्हायोला वाजवते. फ्लूट, सोप्रानो (उंच सुरात गाणाऱ्या मुली) आणि पियानोला अर्जांचा पूर येतो. व्हायोला, बॅसून, ओबो, डबल बेस ही वाद्यं वाजवणारे कमी पडतात, आणि ऑर्केस्ट्रात दहा व्हायोला लागतात म्हणजे लागतातच. कॉलेज शिष्यवृत्ती वाटतं तेव्हा हुशारीबरोबर रिकाम्या खुर्च्याही मोजतं.

तेव्हा पत्र लिहा. प्रवेश कार्यालयाला लिहा आणि व्हायोलाच्या शिक्षकाला त्याची प्रत पाठवा, कारण कार्यालयाकडे तिच्यासाठी शब्द टाकणार आहे तो. पत्र मुलीने लिहावं, पैशाचे आकडे पालकांनी तपासून द्यावेत. "तुमच्याकडेच शिकायची इच्छा आहे. घरून वर्षाला २५,००० देता येतात. सोबत दुसऱ्या विद्यापीठाची ऑफर जोडली आहे. शिष्यवृत्ती वाढवता येईल का, आणि वाढली तर ती चारही वर्षं टिकेल का?" एवढंच. रडगाणं नको, धमकी नको, "माझी मुलगी असामान्य आहे" हे तर मुळीच नको. ते त्यांनी ऑडिशनलाच ठरवलं आहे. पहिल्यांदा नकार आला तरी विद्यापीठाला लगेच होकार कळवू नका. उत्तर द्यायची शेवटची तारीख साधारणपणे १ मे असते, आणि एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात इतरांनी सोडलेल्या शिष्यवृत्त्या परत पेटीत येतात. २० एप्रिलच्या सुमारास पुन्हा एकदा, दोनच ओळींचा, नम्र ईमेल करा. २८ तारखेपर्यंत ३२ हजारांच्या आसपासचा आकडा आला नाही तर विद्यापीठाचं डिपॉझिट भरा, आणि कॉन्झर्व्हेटरीच्या शिक्षकाला आभाराचं पत्र पाठवून मास्टर्सला पुन्हा अर्ज करणार असल्याचं कळवून ठेवा. चार वर्षांनी तो बहुधा तिथेच असतो, आणि त्याला असली पत्रं लक्षात राहतात.